अर्धा वाडा पुढं, अर्धा मागं

सरकारी कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव होतं ‘व्रणोपचारक’. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, सुया उकळणारा आणि जनावरानं लाथ झाडलीच तर पहिली खाणारा माणूस, असा त्याचा साधा अर्थ. मराठवाड्यातल्या मुरुडजवळच्या ज्या गावात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं हा शब्द उच्चारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बैल बरा झाला की मी ‘डॉक्टर’, लंगडतच राहिला की ‘ते कोकणातलं पोरगं’.

गिऱ्हाइकं एकेक नामी. एक शेतकरी जोडीतल्या एका बैलाला ताप आला तरी दोघांनाही सुई द्यायला लावायचा. “एकाला दिली अन् एकाला न्हाई, तर दुसरा रुसतो हो, जू घेत न्हाई,” असं त्याचं म्हणणं. मग दुसऱ्याच्या मानेवर मी नुसतीच चापट मारायचो आणि मालक समाधानानं जोडी घेऊन जायचा. आणखी एक गृहस्थ म्हैस आणायचा तो बायकोचं लुगडं पांघरून, कारण म्हैस घरधनिणीशिवाय कोणाला जवळ येऊ देत नसे. भर बाजाराच्या दिवशी भरघोस मिशांचा माणूस हिरवं लुगडं अंगावर घेऊन दवाखान्याच्या दारात उभा. चेहऱ्यावर लाज नाही, नुसती म्हशीची काळजी. अशांवर लिहायचं तर अख्खा अंक खाऊन टाकीन. पण ‘नोकरीतलं काहीतरी लिहा’ असा संपादकांचा निरोप आला तेव्हा यातलं काही मनात आलं नाही. आला तो एका दुष्काळातला धनगरांचा वाडा.

वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. मेंढ्यांचे कळप घेऊन पावसाळा सोडून वर्षभर फिरणाऱ्या धनगरांची चार-सहा कुटुंबं मिळून जो तळ टाकतात, त्याला वाडा म्हणायचं. आज या शिवारात, चार दिवसांनी पुढच्या. शेतकरी त्यांना मानानं बोलावतो. रात्री मेंढ्या शेतात बसवल्या की लेंड्यांचं आणि मुताचं खत आयतं मिळतं, त्याबदल्यात तो धान्य देतो. हे मला कोणी शिकवायला नको होतं. चिपळूणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी झाली की घाट उतरून धनगर आमच्या भातखाचरांत यायचे. वडील असेपर्यंत आमच्याही शेतात मेंढ्या बसायच्या आणि आई त्या माणसांना कुळथाची पिठी वाढायची.

वडील गेले आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. आमच्या भागात गुरांचे एक डॉक्टर होते. त्यांच्या घरी मी पाणी भरायचो. त्यांची बदली मराठवाड्यात झाली तेव्हा ते आईला म्हणाले, “पोराला नेतो. तिकडं दवाखान्यात चिकटवून बघतो.” आईनं पदराला हात पुसले आणि मला त्यांच्या पाया पडायला लावलं. साहेबांनी शब्द पाळला. मी आज जी पेन्शन खातो ती त्या माणसाची. पण तेव्हा मी रोजंदारीवर होतो, उद्या काढून टाकतील या धाकात जगायचो. बस चुकेल, औषधाची बाटली फुटेल, साहेबांना खाली बघावं लागेल, अशा धास्त्या मी पोटात घेऊन फिरायचो. अजून फिरतो, बायको हसते.

लातूर तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांवरचा रंग ओला होता आणि विहिरी कोरड्या होत्या. आईचं पत्र यायचं, शाळेच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं. त्यात दर वेळी विचारलेलं असायचं, ‘तिकडे पाण्याचे कसे?’ मी लिहायचो, ‘भरपूर आहे.’

अशात दिवाळीनंतर एका सकाळी मी सायकलवरून जात असताना माळावरून वाडा उतरताना दिसला. पुढं मेंढ्यांचा करडा लोंढा, मागं घोडी. घोड्यावर उलटं बाजलं, बाजल्यात भांडी, भांड्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कोंबड्यांच्या वर फडक्यानं बांधलेलं एक मूल, झोपलेलं. बाजूनं कुत्री. मी सायकलवरून उतरलो. मी घर सोडलं होतं ते एकट्यानं, एक पत्र्याची पेटी घेऊन. ही माणसं रोज घर सोडत होती, पण ती चुलीसकट, कोंबड्यांसकट, म्हातारीसकट. कोणी मागं राहतच नव्हतं.

“काय रं, मेंढरं कधी बघितली न्हाईत व्हय?” घोड्यामागून चालणारी एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली.

“बघितलीत. आमच्याकडं येतात.”

“कुठलं तुमचं?”

मी गावाचं नाव सांगितलं. म्हातारी थांबली. तिनं मला खालून वर न्याहाळलं, जसं बाजारात गाय न्याहाळतात तसं.

“तुमच्यात शेतात मेंढरं बसवली की तांदूळ देत्यात,” ती म्हणाली. “अन् कुळथाचं पिठलं.”

मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालायला लागलो. हौसाबाई तिचं नाव. सगळा वाडा तिला ‘आये’ म्हणायचा, मी आजी म्हणायला लागलो. ती जन्मली माणदेशाकडच्या एका वाड्यात, तो दरवर्षी कोकणात उतरायचा. लग्न झालं ते बालाघाटाच्या अंगानं फिरणाऱ्या या वाड्यात, आणि कोकण कायमचं सुटलं.

“बायामान्सांचं म्हायेर गाव असतं, माझं म्हायेर वाट हाय,” ती म्हणाली. “अन् ती वाट सासरच्या वाटंला कुठंच भेटत न्हाई.”

वाडा शिवलिंगअण्णांच्या शेतात बसला. अण्णा गावातले बडे शेतकरी, किराणा दुकानही त्यांचंच, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं रोखठोक. गावात तेव्हा त्यांच्या विहिरीलाच काय ते पाणी होतं. वाड्याचा कारभारी हौसाआजीचा मुलगा धुळाजी. मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा. त्याचा चुलतभाऊ सोमा आणि सोमाची बायको लक्ष्मी, नव्या संसाराची. मला ठळक आठवतात ती ही माणसं, बाकी बायकापोरं पुष्कळ होती.

मी रोज काहीतरी निमित्त काढून तिकडं जायला लागलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड लागते, समोर जनावर आलं की आधी त्याची शेपटी वर करायची. तशी मी सोमाच्या एका मेंढीची केली आणि तिथल्या उघड्या कातडीवर गाठी दिसल्या. नाकाशी खपल्या. अंग भाजत होतं. पळत जाऊन साहेबांना आणलं. साहेबांनी सोमाचा कळप हिंडून बघितला, हात धुतले आणि म्हणाले, “देवी आहेत.”

माणसांची देवी देशातून गेली, मेंढ्यांची राहिली. तिच्यावर औषध नाही. जखमा स्वच्छ ठेवायच्या, ताकद टिकवायची आणि महिना-सव्वा महिना वाट बघायची. जी निरोगी आहेत त्यांना लस टोचायची आणि आजाऱ्यांपासून लांब न्यायची. खपल्या गळून कातडी कोरडी होईपर्यंत एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. साहेबांनी हे धुळाजीला समजावलं.

“म्हंजे सोमाला हितं सोडून आमी जावं?” धुळाजीनं विचारलं.

“बारा-पंधरा दिवस ओढ्यापलीकडं थांबा. बाकीच्यांत काही उठलं नाही, तर पुढं निघा. सोमा मागून येईल.”

“न्हाई जमायचं.”

“अरे, सगळी मेंढरं दगावतील.”

“जाऊ द्या. पर वाडा फुटायचा न्हाई. देवी आली म्हंजे ती पावनी. पावनी घरात असताना घर सोडून जात्यात व्हय कुणी?”

त्याच दिवसापासून वाड्यात फोडणी बंद झाली होती. चुलीवर तेल तापवायचं नाही, बायकांनी केस विंचरायचे नाहीत, कातरीला हात लावायचा नाही. देवीला चटका बसतो. आणि देवी असेतो वाडा हलवायचा नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत.

तिकडं अण्णा निराळेच तापले होते. दवाखान्यात येऊन बाकावर बसले. “काय करलालाव तुम्ही? माझ्या रानात रोग घिऊन बसलेत ती. काल हिरीत दोर किती सोडावा लागला, माहीत हाय का? एवढ्या मेंढरांला पाणी पाजून गावानं काय प्यावं?” ते वाईट माणूस नव्हते. विहीर खरंच खोल चालली होती. “थोडी ऱ्हावू द्या. आजारी जनावर हाकलत न्हाई आपण. पर सगळी न्हाई. सगळी म्हणलाव तर मी हिरीला झाकण घालतो.”

म्हणजे पेच असा होता. सगळे थांबले तर तहानेनं मरणार, सगळे गेले तर रोग सोबत नेणार, आणि वाटून घ्यायला कोणी तयार नाही. त्यात आणखी एक अडचण. वाडा पुढं जाणार होता नांदेडकडं, गोदावरीच्या अंगानं, जिथं डोहांत अजून पाणी होतं. वाटेत लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची जत्रा. जत्रेपर्यंत सोमा येऊन मिळाला तर मिळाला. त्यानंतर वाडा धर्माबादवरून तेलंगणात उतरणार. त्या मुलखात ही माणसं कुठल्या माळावर असतील, ते कोणालाच सांगता येत नाही. एकदा चुकामूक झाली की वर्ष गेलं. दुष्काळी वर्षात एकटं कुटुंब, आजारातून उठलेला कळप आणि ओळखीची विहीर नाही.

साहेब म्हणाले, “वसंता, आधी लस तरी टोचू. त्यांचं डोकं नंतर फिरवू.”

लस आणायला जुन्या जिल्ह्याला जायचं की नव्या, याची चौकशी करत मी दोन एसट्या बदलल्या. अखेर थर्मासात बर्फ घालून ती छातीशी धरून आणली, तान्ह्या मुलासारखी. दोन दिवस आम्ही टोचत होतो. धुळाजी आणि गडी मेंढी धरायचे, साहेब सुई मारायचे आणि टोचलेली कोणती, न टोचलेली कोणती हे कळावं म्हणून मी खूण करायचो. दवाखान्याच्या पाटीवर ‘जिल्हा लातूर’ असं नव्यानं रंगवून झाल्यावर लाल रंग उरला होता. तोच डबा मी नेला होता. पाठीवर एक झोकदार पट्टा ओढायचा, की पुढची. मला फार शिस्तीचं वाटत होतं ते.

पहिल्याच दुपारी हौसाआजी भाकरी घेऊन आली. तिनं कळपाकडं बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

“आरं ए कोकण्या! कुणाला इकलीस रं माझी मेंढरं?”

“विकली? आजी, लस टोचल्याची खूण आहे ती.”

“लाल पट्टा कोण वढतं? येपारी वढतो! खाटकाकडं न्यायच्या मेंढराला वढतो! लाल पट्टा वढलेलं मेंढरू आमच्यात पुन्यांदा वाड्यावर येत न्हाई.”

बायका धावत आल्या. लक्ष्मी रडायला लागली. धुळाजी मेंढी धरून तसाच उभा. साहेबांना अडवायला तो आधी कचरला होता, आता त्याला वर बघायचं धाडस होईना. देवी बसलेली म्हणून कातरीला हात लावायचा नाही, मग रंगलेली लोकर काढायची कशी? मला वाटलं, गेली नोकरी. साहेब मात्र डोकं शांत ठेवून आजीपुढं जाऊन उकिडवे बसले.

“आये, चूक आमची. आता तुम्ही सांगा, कसली खूण करायची? खूण तर पाहिजे.”

आजी आपल्या बोचक्याकडं गेली, हळदीची पुरचुंडी घेऊन आली आणि थोडं पाणी घालून तिनं एका मेंढीच्या पाठीवर लाल पट्ट्यावरच हळदीचा हात फिरवला. पिवळ्यानं लाल झाकलं नाही, पण नारिंगी झालं.

“ही देवाची झाली. खंडोबाला निघाली. खाटकाच्या हातनं सुटली.”

एकेक मेंढी पुढं यायला लागली. लस, मग हळद. मी लाल डबा सायकलला अडकवला आणि नजरेआड ठेवून आलो. आजीचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. ती मध्येच थांबून धुळाजीला म्हणाली,

“धुळा, हळद लागलेलं देवाच्या वाटंला लागलं. देवाला निघालेलं थांबवता येतं का?”

“न्हाई, आये.”

“अन् जिला हळद न्हाई लागली, ती देवीपाशी बसली. देवीला एकटं सोडता येतं का?”

“न्हाई.”

“मग तू देवाबरं जा. मी देवीपाशी बसते. सोमा अन् लक्ष्मी हाईतच.”

धुळाजीनं हातातली मेंढी सोडली. “वाडा फुटला की गं, आये.”

“फुटत न्हाई, मुडद्या. अर्धा पुढं जातुया, अर्धा मागनं येतुया. वाट एकच हाय न्हवं?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढची सुई भरली.

सगळ्या हळदीच्या मेंढ्या ओढ्यापलीकडं गेल्या. सोमाच्या मेंढ्यांची थोराड झालेली कोकरं आधीपासून वाड्याच्या सगळ्या कोकरांसोबत निराळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, असायची. त्यांच्यात काही उठलं नव्हतं, तीही पलीकडं गेली. दोन्ही काठांवरून आया आणि लेकरं एकमेकांना हाका मारायची. अण्णा दुकानातून कानात बोटं घालून आले, “ही काय किरकिर लावून राहिलेत ही जनावरं!” आणि जाताना सोमाच्या घोड्याला कडब्याची पेंढी टाकून गेले.

दिवस भरले, कोणाला काही उठलं नाही, आणि एका सकाळी पुढचा वाडा निघाला. निरोपाची भाषा या लोकांत नसते. धुळाजीची बायको ओढ्यापलीकडून ओरडली, “आत्याबाई, मिरच्या पुरतील का?” आजी ओरडली, “मिरच्यांचं काय घिऊन बसलीस, फोडणी तर बंद हाय!” सगळे हसले. हसता हसताच घोडी चालायला लागली.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सुखाचा महिना होता, आणि हे लिहिताना संकोच वाटतो, कारण त्यांचा तो संकटाचा होता. सकाळी दवाखाना, दुपारी गुरांची छावणी, आणि दिवस कलला की मी सोमाच्या वाड्यावर. लाल पोटॅशच्या पाण्यानं जखमा धुवायच्या. पहिल्या दिवशी आजीनं माझा हात धरला.

“औषध लावायचं न्हाई. देवी कोपते.”

“नुसतं पाणी आहे, आजी.”

“जांभळं पाणी?”

तिनंच तोड काढली. “आंघूळ घालतो म्हण. कुठलीबी पावनी आली तरी आंघूळ करतीच की.” तेव्हापासून मी ‘आंघोळ घालायला’ यायचो. ती कडुनिंबाचा पाला वाटून द्यायची, तो मी वरून लावायचो. काही मेंढ्या गेल्या. आजी प्रत्येकीचा खड्डा झाल्यावर मूठभर धान्य टाकायची आणि परत कामाला लागायची. बऱ्याच वाचल्या.

काम झालं की तिखटमीठ न घातलेलं कालवण आणि भाकरी. मी खोलीवर एकटा रांधून खायचो, भात कधी कच्चा, कधी करपलेला. इथं मला भाकरी मागावी लागत नव्हती. आजी मला वाट विचारायची, तिच्या माहेरची. खाडीकडची ती आंब्याची झाडं हाईत का अजून? तरीवाला पैलतीरावरून हाक दिली की येतो का? घाटात उतारावर एक थंड पाण्याचा झरा होता, त्याचं पाणी पितात का लोक? मला जेवढं आठवायचं तेवढं मी सांगायचो. जे आठवायचं नाही तेही सांगायचो, कारण ती डोळे मिटून ऐकायची. एकदा मी विचारलं, “आजी, आता कोणी नेलं तर जाल का तिकडं?”

“कुणाबरं जाऊ? त्या वाड्यातली समदी गेली. वाट एकट्यानं चालली तर ती वाट न्हाई, नुसता रस्ता.”

त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन आईला पत्र लिहायला बसलो आणि नेहमीचं ‘भरपूर आहे’ लिहवेना. मी लिहिलं, ‘पाणी कमी आहे, पण माणसं बरी मिळाली.’

अखेर खपल्या गळाल्या. साहेब येऊन बघून गेले. देवीला नारळ देऊन, दहीभात ठेवून आजीनं तिला वेशीपर्यंत पोचवलं आणि त्या दिवशी वाड्यात पहिली फोडणी पडली. लसणाचा वास थेट अण्णांच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण अण्णा स्वतः गूळ घेऊन आले. “गेली का पावनी? जावा आता बिगीबिगी, जत्रा उठायच्या आत.”

सोमा, लक्ष्मी आणि आजी निघाली. लातूर, अहमदपूर, माळेगाव, पायी, उठलेल्या कळपाच्या चालीनं. साहेब मला म्हणाले, “जत्रेच्या शेवटच्या दिवशी तू एसटीनं माळेगावला जा. मिसळायच्या आधी एकेक मेंढी तपास. कुठं एक ओली जखम दिसली तरी मिसळू द्यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीवर हजर पाहिजेस, वरून तपासणी आहे.”

बसमध्ये मी सगळी वाट खिडकीबाहेर बघत होतो. ते पोचले नसतील तर? धुळाजी कंटाळून पुढं गेला असेल तर?

जत्रा पांगत होती. घोड्यांच्या बाजारातली धूळ अजून वर तरंगत होती, खेळण्यांची दुकानं उतरवली जात होती, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा. विचारत विचारत मी गावाबाहेरच्या माळावर गेलो. एका नाल्याच्या पलीकडं धुळाजीचा वाडा होता. गोदावरीकडं निघायला घोडी लादून तयार. आणि अलीकडं, माझ्याआधी थोडाच वेळ पोचलेली, धुळीनं माखलेली तिघं. आजी दगडावर बसली होती, पाय सुजलेले. नाला कोरडा होता, पाच पावलांत ओलांडता आला असता. कोणी ओलांडत नव्हतं. सगळे माझी वाट बघत होते.

“आये, कशी हाईस गं?” धुळाजी पलीकडून ओरडला.

“तोंडानं बोलतीया म्हंजे बरी हाय! गप बस, कोकण्याला काम करू दे!”

सोमा मेंढी धरायचा, मी शेपटी वर करायचो, कासेखाली बघायचो, ओठ उलटायचो. कोरडं. कोरडं. कोरडं. उन्हं उतरायला लागली तरी मी एकही सोडली नाही. आणि शेवटी शेवटी एका मेंढीच्या मांडीत, आत, ओलं लागलं. बोट बघितलं तर पू.

सोमा माझ्या तोंडाकडं बघत होता. पलीकडच्या बायका बोलायच्या थांबल्या. साहेब असते तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. मी गुडघ्यावर बसलो, जखम पाण्यानं धुतली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. मेंढी ओरडली. पुन्हा दाबली. आतून काहीतरी टोचलं आणि बाभळीचा एक काळा काटा माझ्या नखावर आला.

“काटा!” मी ओरडलो. “काटा हाय! काटाच हाय!” त्यांच्या बोलीत ओरडलो, हे मला सोमानं हसत सांगितलं तेव्हा कळलं.

“मग?” आजी म्हणाली.

“मिसळा.”

माणसांनी काही करायच्या आधीच मेंढ्या नाल्यात उतरल्या. पलीकडून कोकरं सुटली. आता ती कोकरं कसली, आयांच्या खांद्याला लागलेली, तरी गुडघे टेकून कासेत तोंड घालत होती आणि आया वास घेऊन घेऊन खात्री करत होत्या. धूळ इतकी उडाली की माणसं दिसेनात, नुसते आवाज. धूळ बसली तेव्हा आजी धुळाजीच्या दाढीला धरून म्हणत होती, “ह्ये काय जंगल वाढीवलंस रं?” आणि तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा मान खाली घालून उभा होता. लक्ष्मीभोवती बायकांचं कोंडाळं. नाल्याच्या या काठावर मी आणि माझी पिशवी.

दिवस मावळायच्या आत जेवून ते पुढच्या मुक्कामाला निघणार होते. भाकऱ्या वाढल्या गेल्या. पण कोणी हात लावेना. आजी एका उंच दगडावर चढली आणि हाका मारायला लागली. या लोकांची ही रीत मला मुरुडला दिसली नव्हती. वाडा भरलेला असताना मी जेवणाआधीच परतायचो, आणि नंतर ती तिघंच एकमेकांसमोर बसलेली, हाक कोणाला मारणार? भरल्या वाड्यात माणसं रानभर पांगलेली असतात, म्हणून जेवणाआधी सगळ्यांत म्हातारं माणूस एकेकाचं नाव घेतं. नावाला ‘ओ’ आल्याशिवाय कोणी घास मोडत नाही.

“धुळाऽऽ!”

“ओऽ!”

“सोमाऽऽ!”

“ओऽ!”

“लक्षुमेऽऽ!”

थोरांची नावं झाली, पोरांची झाली. घोड्यावर झोपणाऱ्या त्या मुलाच्या नावाला त्याच्या आईनं ‘ओ’ दिली. मग आजी कुत्र्यांच्या नावांवर आली. कुत्रीसुद्धा नाव ऐकून उठून शेपटी हलवत पुढं येत होती. मी ऐकत उभा होतो. काय ऐकायचं होतं ते मी स्वतःशीही बोललो नव्हतो.

तेवढ्यात खालच्या सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. लातूरची शेवटची गाडी. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. सकाळी छावणी, तपासणी, साहेबांचा शब्द. माझे पाय मला न विचारता पळाले. दार धरलं, आत शिरलो, मागची काच धुळीनं पांढरी झालेली होती, तिच्यातून माळ दिसला नाही.

पुढच्या वर्षांत मी माळेगावच्या जत्रेत पुष्कळदा गेलो, कामानं आणि बिनकामानं. बालाघाटच्या धनगरांना विचारलं. कोणी सांगितलं तो वाडा आता वरच्या वाटेनं जातो, कोणी सांगितलं पोरं शहरात कामाला लागली. मला ती माणसं पुन्हा भेटली नाहीत. साहेबांच्या कृपेनं कायम झालो, लातूरला घर बांधलं, आईला तिच्या शेवटच्या वर्षांत इथं आणलं. काही कमी पडलं नाही.

फक्त कुत्र्यांची नावं संपल्यावर त्या दगडावरून आणखी एक हाक पडली का, ते मला कळलं नाही. पडलीच असेल, तर तिला ‘ओ’ कोणी दिली नसणार. मग ती माणसं भाकऱ्या पुढ्यात घेऊन किती वेळ बसली असतील?